सिनेमात दिसलेली जुनी इमारत शोधायची कशी? खानदेशातल्या नव्या शोधकांसाठी

अमळनेर, चोपडा, पारोळा, नंदुरबार इथल्या जुन्या गल्ल्यांमधले वाडे दरवर्षी पडताहेत आणि त्या जागी कॉम्प्लेक्स उभे राहताहेत. मुंबईत गिरगाव-लालबागच्या चाळींचंही तेच चाललंय. यातल्या कितीतरी इमारतींचा एकही धड फोटो कुणाकडे नाही. एखाद्या जुन्या चित्रपटात, मालिकेत किंवा अहिराणी गाण्याच्या व्हिडिओत मात्र त्यांचा दर्शनी भाग चार-पाच सेकंद दिसून जातो. ती फ्रेम ओळखून इमारतीचा पत्ता, काळ आणि आजची अवस्था नोंदवून ठेवणं हे दस्तऐवजाचं काम आहे. ते नीट केलं तर उद्या इमारत गेली तरी तिची ओळख राहते.

इथे दिलेली पद्धत राहत्या जुन्या इमारतींसाठी आहे, म्हणजे वाडा, चाळ आणि १९३०-४० च्या काळातल्या फ्लॅटच्या इमारती. इमारत खानदेशात असो की मुंबईत, शोधाची रीत एकच आहे. कागदपत्रं तेवढी वेगळी.

आधी चांगली प्रत, मग फ्रेम

यूट्यूबवर कुणीही चढवलेल्या प्रतीवर विसंबू नका. कॉपीराइटच्या तपासणीतून सुटण्यासाठी अशा प्रतींमध्ये चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं, कडा कापलेल्या असतात किंवा जुनं चौकोनी चित्र ताणून रुंद केलेलं असतं. उलट्या चित्रात डावीकडचा जिना उजवीकडे दिसतो आणि तुम्ही खऱ्या इमारतीसमोर उभे राहूनही ‘ही ती नव्हे’ म्हणून परत येता. ताणलेल्या चित्रात तीन मजली इमारत बुटकी आणि ऐसपैस भासते.

चित्र उलटं आहे का, हे तपासायला पाट्यांवरची अक्षरं सगळ्यांत सोपी. पाटी नसेल तर साडीचा पदर बघा, तो बहुधा डाव्या खांद्यावर असतो. पुरुषांच्या शर्टाची काजं घालणाऱ्याच्या डाव्या बाजूच्या पट्टीवर असतात. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे हवं. ताणलेलं चित्र सायकलच्या चाकावरून कळतं. अगदी बाजूने दिसणारं चाक अंड्यासारखं वाटलं की प्रत बदला.

मग इमारत जिथे जिथे दिसते तिथली प्रत्येक फ्रेम काढा, कोपरा दिसत असला तरी. फाइलच्या नावात तास-मिनिट-सेकंद घाला, नाहीतर पुन्हा शोधत बसावं लागतं. संवादांच्या प्रसंगात फारसं हाती लागत नाही, कारण कॅमेरा चेहऱ्यावर असतो. गाणी, पाठलाग आणि मारामारी हे आपलं खरं भांडवल. तिथे कॅमेरा अंगणातून जिन्यावर, जिन्यावरून गच्चीवर धावतो. कॅमेरा आडवा फिरत असेल तर ओळीने चार-पाच फ्रेम काढून शेजारी शेजारी लावा, अख्खा दर्शनी भाग मिळतो.

शेवटी चौकटीच्या वहीत हाताने त्या दर्शनी भागाचा आराखडा काढा. किती मजले, प्रत्येक मजल्यावर किती खण (म्हणजे दोन खांबांमधल्या जागा), दार कितव्या खणात, खिडक्यांच्या कमानी गोल की सपाट, गॅलरीचे खांब किती, पावसाळी पाइप कुठून उतरतो. फोटो नुसता पाहून जे नजरेतून सुटतं ते काढताना हमखास सापडतं.

सेट की खरी इमारत?

हा प्रश्न लवकर सोडवा, नाहीतर जी इमारत कधी उभीच नव्हती तिच्यामागे महिने जातात. पडद्यावरच्या चाळींपैकी अनेक स्टुडिओत बांधलेल्या असतात. बऱ्याचदा बाहेरचा दर्शनी भाग खरा आणि आतल्या खोल्या सेटवरच्या, असंही असतं. म्हणून बाहेरच्या आणि आतल्या फ्रेम दोन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या एकाच इमारतीच्या आहेत असं गृहीत धरू नका.

सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे भिंतीची जाडी. खिडकी किंवा दार तिरकं दिसतं त्या फ्रेममध्ये चौकट भिंतीत किती आत बसली आहे ते पाहा. जुन्या विटांच्या भिंती दीड-दोन फुटी असतात, वाड्याच्या तळमजल्याच्या त्याहूनही जाड. प्लायवूडच्या सेटवर ही खोली चार-सहा इंचांत आटोपते. दुसरी खूण छत. स्टुडिओत दिवे वरून टांगतात, त्यामुळे सेटला बहुधा छतच नसतं आणि कॅमेरा कधी वर बघत नाही. तिसरी खूण पायऱ्या. वापरातल्या लाकडी पायऱ्यांच्या कडा मध्यभागी झिजून खोलगट होतात, सेटवर त्या सरळ, धारदार राहतात. जिन्याखालचे मीटर आणि वायरींचा गुंता सेटवर क्वचितच पटेल असा जमतो.

चित्रीकरण केव्हाचं?

चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. त्यावरची तारीख टिपून घ्या. चित्रीकरण त्याआधी झालं एवढंच त्यावरून सिद्ध होतं. काही चित्रपट वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतात, म्हणून फ्रेममधल्या खुणांनी काळ आणखी आवळावा लागतो.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पाटीवर सहा आकडी पिन असेल तर ती पाटी त्यानंतरची. मुंबईच्या जुन्या पाट्यांवर ‘मुंबई ४’ असं लिहिलेलं सापडतं, त्याचंच पुढे ४००००४ झालं, म्हणजे गिरगाव. खानदेशात जळगाव ४२५००१, धुळे ४२४००१, भुसावळ ४२५२०१, चाळीसगाव ४२४१०१, अमळनेर ४२५४०१. अर्धी पाटी दिसली तरी शेवटचे तीन आकडे कामाला येतात. दुकानाच्या पाटीवरचा फोनचा कोडही तसाच बोलका असतो: जळगाव ०२५७, धुळे ०२५६२, नंदुरबार ०२५६४, भुसावळ ०२५८२, अमळनेर ०२५८७.

गाड्यांच्या नंबरप्लेटवर १९८९ पर्यंत तीन अक्षरं आणि आकडे असत. नंतर ‘एमएच’ आणि जिल्ह्याचा क्रमांक आला. धुळ्याचा १८, जळगावचा १९, नंदुरबारचा ३९, मालेगावचा ४१. नंदुरबार जिल्हाच १ जुलै १९९८ रोजी झाला, त्यामुळे फ्रेममध्ये ‘एमएच-३९’ दिसलं की काळ आपोआप पुढे सरकतो. धुळे आणि जळगावला महानगरपालिका २००३ मध्ये झाल्या. कचरापेटीवर किंवा पाण्याच्या टाकीवर ‘नगरपालिका’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा त्याआधीचं.

यात एक धोका लक्षात ठेवा. मुख्य इमारतीवरची पाटी कला विभागाने रंगवलेली असू शकते. वाड्याला पोलीस ठाणं करणं किंवा चाळीला दुसरंच नाव देणं हे नेहमीचं. शेजारच्या भिंतीवरची विडीची, साबणाची नाहीतर सिमेंटची जुनी जाहिरात जास्त खरी, कारण तिच्याकडे कुणी लक्ष दिलेलं नसतं.

गाव कुठलं?

गोष्ट खानदेशात घडते म्हणून चित्रीकरणही खानदेशात झालं, असं समजू नका. ‘महाराष्ट्रातलं गाव’ दाखवायचं तर वाई, मेणवली, भोरचा राजवाडा किंवा कोल्हापूरचा परिसर निवडायची जुनी चाल आहे. इथे छप्पर मदतीला येतं. खानदेशाच्या बहुतेक सपाट भागात पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर, त्यामुळे जुन्या घरांवर मातीचं सपाट धाबं चालून जातं. वाई-भोरच्या पावसात ते टिकत नाही, तिथे उतरतं कौलारू छप्पर लागतं. कौलं खानदेशातही आहेत, विशेषतः रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या इमारतींवर. पण गच्चीवरच्या दृश्यात आजूबाजूला नुसती सपाट धाबी पसरलेली दिसली तर वाईचा विचार बाजूला ठेवा.

गच्चीवरच्या फ्रेममध्ये क्षितिजावर डोंगर दिसतोय का? यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा इथून उत्तरेला सातपुड्याची सलग रांग दिसते. चाळीसगावहून डोंगर दक्षिणेला. जळगाव शहराच्या आसपास क्षितिज बरंचसं मोकळं. मागे केळीचे बाग असतील तर रावेर-यावलची शक्यता वाढते. गुजराती पाट्या असतील तर नंदुरबार-नवापूर आधी तपासा.

रेल्वे दिसली तर नशीबच. चाळीसगाव, पाचोरा, भुसावळ मध्य रेल्वेवर आहेत. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर हा उधना-जळगाव मार्ग पश्चिम रेल्वेचा. डब्यावर किंवा फलाटाच्या फलकावर ‘म.रे.’ की ‘प.रे.’ एवढं वाचता आलं तरी निम्मा नकाशा बाद होतो. छोटी गाडी, अरुंद रूळ दिसले तर पाचोरा-जामनेर. स्टेशनच्या पिवळ्या फलकावर गावाचं नाव माणसांमागे झाकलं गेलं असेल तर खाली लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वाचायचा प्रयत्न करा. तेवढ्यावरूनही स्टेशन सापडतं.

इमारत मुंबईची वाटत असेल तर तिची जात ओळखा. लाकडी खांब, लाकडी कठडे, पुढे लांब गॅलरी आणि वर कौलं असतील तर गिरगाव, काळबादेवी, लालबाग. काँक्रीटची, तळमजला अधिक तीन मजल्यांची, रांगेत एकसारख्या उभ्या इमारती असतील तर बीडीडी चाळी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात अशा २०७ चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधल्या. त्यातल्या बऱ्याच पुनर्विकासात पाडल्या जात आहेत, त्यामुळे आजचे फोटो पाहून नाही म्हणू नका. गोलाकार बाल्कन्या, खिडक्यांवर भुवईसारखे पुढे आलेले छज्जे आणि दर्शनी भागावर उठावाच्या अक्षरांत इमारतीचं नाव असेल तर ती १९३०-४० च्या काळातल्या आर्ट डेको शैलीची, मग मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, दादर किंवा माटुंगा.

सावलीवरून दिशा

इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे कळलं की गल्ल्या झपाट्याने कमी होतात. आपल्याकडे वर्षातला बराचसा काळ भर दुपारी सावली उत्तरेला पडते. जळगावच्या अक्षांशावर सूर्य मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यानंतर असा दोनदा डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारची सावली थोडी दक्षिणेला जाते, पण तेव्हा ती इतकी आखूड असते की तिच्या भरवशावर राहू नये. हिवाळ्यातली फ्रेम उत्तम. दुपारच्या आखूड सावल्यांच्या वेळीही दर्शनी भाग पूर्ण सावलीत असेल तर इमारत उत्तरमुखी, उन्हात न्हालेला असेल तर दक्षिणमुखी. सकाळ की संध्याकाळ हे मात्र प्रसंगावरून ठरवू नका. दिग्दर्शकाने संध्याकाळ म्हटलेला प्रसंग सकाळी सहालाही घेतलेला असतो.

टेबलावरचा शोध

आता शेवटची नामावली थांबवून वाचा. ‘ऋणनिर्देश’ किंवा ‘विशेष आभार’ या भागात वाड्याचे मालक, ग्रामपंचायत, नगरपालिका, पोलीस ठाणं यांची नावं असतात. त्यातल्या गावाच्या नावाला इमारतीच्या शोधात सगळ्यांत जास्त वजन आहे. त्यानंतर चित्रावरून चित्र शोधण्याची सोय वापरा, पण फ्रेममधली माणसं कापून टाका, नाहीतर इंटरनेट तुम्हाला फक्त नटाचेच फोटो दाखवत राहील.

गूगलचं रस्त्यावरून दिसणारं चित्रण भारतात २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई, पुणे, नाशिक होती, खानदेशातलं एकही गाव नव्हतं. आपल्याकडच्या गल्ल्यांसाठी गूगल अर्थ प्रोमधले जुन्या तारखांचे उपग्रह फोटो जास्त उपयोगी. त्यात वरून चौक ओळखता येतो. वाड्याच्या मधोमध उघडा चौकोन, त्याच्या चारही बाजूंना धाबं किंवा पत्रा. चौक दोन असतील तर तो मोठा वाडा, आणि असे वाडे एका गावात थोडेच असतात.

पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं. तिथे चित्रपटांच्या पुस्तिका, स्थिरचित्रं आणि कात्रणं पाहायला मिळतात. स्थिरचित्रांत अनेकदा पडद्यावर न आलेला इमारतीचा भाग दिसतो. गावाच्या बाजूने धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आणि जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय ही दोन ठिकाणं आधी गाठा. १८८० चं खानदेश गॅझेटिअर सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. जुन्या कागदांत शोधताना जिल्ह्याचं नाव जपून घ्या. १९०६ पर्यंत सगळा मिळून खानदेश, नंतर पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे-नंदुरबार. ‘जळगाव जिल्हा’ शोधत बसलात तर १९६० च्या आधीचं काही मिळणार नाही.

कागद: कुठला, कशासाठी

शहरातल्या इमारतीसाठी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा, म्हणजेच सिटी सर्व्हेचा उतारा. त्यासाठी सिटी सर्व्हे नंबर लागतो, तो नकाशावरून किंवा शेजाऱ्याच्या घरपट्टीच्या पावतीवरून मिळतो. या उताऱ्यावर धारकाचं नाव, क्षेत्र आणि फेरफार असतात. इमारत कधी बांधली ते त्यावर नसतं, नवे लोक इथे हमखास फसतात. बांधकामाचा काळ हवा तर नगरपालिकेचं जुनं कर आकारणी रजिस्टर. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८.

वाड्यांच्या उताऱ्यावर अनेकदा दहा-पंधरा वारसांची नावं असतात आणि वाटणीचा दावा चालू असतो. एका भावाने आत येऊ दिलं म्हणजे सगळ्यांची परवानगी मिळाली असं होत नाही. टेप घेऊन मोजमाप सुरू केलंत तर दुसऱ्या भावाला तुम्ही बिल्डरचा माणूस वाटता. मोजण्याआधी दोन्ही घरी जाऊन सांगा.

मुंबई शहरात म्हाडाच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींचं वर्गीकरण काळ ठरवायला फार सोयीचं. ‘अ’ वर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वीचा, ‘ब’ त्यापुढे १९५० अखेरपर्यंत, ‘क’ १९६९ पर्यंत. शिवाय १९९५ पासून मुंबईला वारसा वास्तूंची यादी आहे, त्यात इमारतीचा दर्जा आणि रस्ता कळतो.

जागेवर

जळगावहून मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर, भुसावळहून ४४४. रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी सातला गल्लीत हजर राहिलात तर पार्किंग आणि गर्दी आडवी येत नाही. फ्रेम मोबाइलवर नेऊ नका, ए-४ कागदावर छापून न्या. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि म्हाताऱ्या माणसांच्या हातात कागद देता येतो.

विचारायचं कुणाला? इस्त्रीवाला, जुना न्हावी, पोस्टमन, पिठाच्या गिरणीवाला आणि ओट्यावर बसलेले आप्पा-तात्या. विचारायची पद्धत महत्त्वाची. ‘इथे त्या सिनेमाचं शूटिंग झालं ना?’ असं विचारलं की पाहुण्याचं मन राखायला माणूस ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी नट कापलेली फ्रेम पुढे धरा आणि ‘हे कुठलं?’ एवढंच विचारा. आपल्या भागात अहिराणीत विचारलंत तर गप्पा मोकळ्या होतात: ‘आप्पा, कोनता पिच्चरनी शूटिंग व्हयनी व्हती आठे?’ दोघांना वेगवेगळं विचारा. एकाच ओट्यावर बसलेल्या चौघांचं उत्तर हे एकच उत्तर धरा.

धोकादायक इमारतीची नोटीस लावलेली असेल तर जिना चढू नका. वाळवीने पोखरलेली सागवानी पायरी वरून धडधाकट दिसते. चौकात कुणाची चूल-धुणं चालू असतं, ते घर आहे. विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

हीच ती, हे कसं ठरवायचं

बदलणाऱ्या गोष्टी आधी मनातून काढून टाका: रंग, कठडा, पाट्या, झाडं, विजेचे खांब. गॅलऱ्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद होतात. वर एखादा मजला किंवा पत्र्याची शेड चढते. सगळ्यांत फसवा बदल रस्त्याचा. दरवेळी जुन्या डांबरावर नवा थर पडत गेल्याने रस्ता वर येतो आणि ओट्याच्या पायऱ्या गिळतो. फ्रेममध्ये दाराला चार पायऱ्या आहेत आणि समोर दोनच, एवढ्यावरून इमारत नाकारू नका. उलट जोत्याच्या दगडांचे थर मोजा. वरचे थर जुळले आणि खालचे जमिनीत गेलेले असले तर तो पुरावाच आहे.

न बदलणाऱ्या गोष्टी म्हणजे खणांची संख्या, खिडक्यांमधलं अंतर, कमानीचा आकार, रस्त्याशी इमारतीचा कोन आणि शेजारच्या इमारतीच्या तुलनेत मजल्यांची पातळी. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा किमान तीन खुणा जुळल्याशिवाय ‘सापडली’ म्हणू नका. बीडीडी किंवा गिरणीच्या चाळींत सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या, तिथे निकाल शेजार आणि कोनच देतात.

मग कॅमेऱ्याची जागा शोधा. छापील फ्रेम हात लांब करून धरा, एक डोळा मिटा. जवळच्या खांबामागे दूरची कुठली खिडकी येते ते फ्रेममध्ये पाहून तसंच दिसेपर्यंत मागेपुढे, डावीउजवीकडे सरका. लेन्स बदलल्याने हा संबंध बदलत नाही, फक्त जागा बदलल्याने बदलतो, म्हणून ही परीक्षा पक्की. उंचीसाठी फ्रेममध्ये इमारतीच्या आडव्या रेघा बघा. वरच्या रेघा दूर जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि मधली एखादी अगदी आडवी राहते. कॅमेरा त्याच उंचीवर होता. ती रेघ पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या तळाशी असेल तर चित्रीकरण समोरच्या माडीवरून झालं, आणि त्या माडीत राहणाऱ्यांना ते नक्की आठवत असतं.

जुळलं की तिथेच नोंद करा: तारीख, अक्षांश-रेखांश, फ्रेमची वेळ, तुम्ही उभे होता ती जागा. फोटो समोरून सरळ, दोन्ही कोपऱ्यांतून तिरके, आणि जवळून जोतं, दार, खांबाचा तळखडा, तुळईखालचे कंस. पडलेलं मंगलोरी कौल दिसलं तर उलटून पाहा, त्यावर कारखान्याचा शिक्का असतो. लोखंडी तुळईवरही तसाच. परवानगी असेल तर दर्शनी भागाची रुंदी आणि दाराची उंची टेपने घ्या. एवढ्या दोन मापांवर उरलेला दर्शनी भाग फोटोवरून काढता येतो.

लोक राहत असतील तर खोली क्रमांक आणि रहिवाशांचे चेहरे जाहीर करू नका, रस्त्यापर्यंतचा पत्ता पुरे. नोंदीची एक छापील प्रत मालकांना द्या आणि दुसरी गावच्या वाचनालयात. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात, वाचनालयाच्या फाइलीतला कागद पुढच्या शोधकाला सापडतो.